कोन हाय वाली

आमच्या गावातली पहिली बी.ए. मी. बायकांतली पहिली असं लोक सांगतात, ते चूक आहे. अख्ख्या गावातली पहिली. हे आधीच सांगून टाकते, नंतर सांगितलं तर बढाई वाटते. शिवाय पुढे जे लिहिणार आहे त्यात त्या पदवीचा उपयोग एकदाच झाला, तोही दोन शब्दांपुरता.

गाव खाडीच्या काठाला, पेण आणि अलिबागच्या मधे. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी शाळेत जाऊ लागले. दोन्ही गोष्टींचं गावाला सारखंच नवल वाटलं आणि दोन्ही फार दिवस टिकतील असं कुणाला वाटलं नाही.

भात झोडून झालं की पुरुष माणसं मुंबईला गोदीत जायची. माझगावच्या एका चाळीत गावानं मिळून एक खोली धरलेली होती. आजूबाजूला गोव्याच्या खलाशांच्या अशाच खोल्या होत्या, त्यांना ते लोक क्लब म्हणत. मग आमचे कशाला मागे राहतात? आमच्याही खोलीचा क्लब झाला. भिंतीला पत्र्याच्या पेट्या, मधे चटया आणि माणसं तीसेक. एवढी सगळी एका वेळी आडवी होणं शक्यच नव्हतं, म्हणून पाळ्या. गोदीत दिवसपाळी करणारे रात्री निजायचे, तो रातचा क्लब. रातपाळीवाले दिवसा निजायचे, तो दिवसाचा क्लब. एकाची चटई उचलली की त्याच ऊबेवर दुसऱ्याची पडायची. गावात एखादीला विचारलं, ‘घरवाला कुठं असतो गो?’ तर ती सांगायची, ‘दिवसाच्या क्लबान.’ कुणी हसायचं नाही. सगळ्यांचेच कुठल्या ना कुठल्या क्लबात होते.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, ही गावाची धवलारीण. आमच्यात भट येतो तो शेवटी, अंतरपाटापुरता. त्याआधीचं सगळं लग्न धवलारणीच्या हातात, खरं तर तोंडात. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि त्या गाण्यांतच सगळा क्रम असतो. आता चौक भरा, आता पाट मांडा, आता मामीला हाक मारा, आता तेल, आता हळद. कागदावर काही नाही. गाणं थांबलं की लग्न थांबलं. आत्या सात गावांतली लग्नं गायची. हाडापेरानं दणकट, मशेरीनं दात काळे, आणि आवाज असा की आमच्या बांधावर गायली तर पलीकडच्या गावातली म्हैस मान वळवून बघायची.

तिचा स्वतःचा नवरा रातच्या क्लबात होता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तो गणपतीला आला नाही, मग शिमग्यालाही आला नाही. कुणी म्हणालं बोटीवर चढला, कुणी म्हणालं माझगावातच दुसरा संसार थाटला. आत्या आमच्या घरी परत आली. कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची, आणि कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, ‘हाय कुठंतरी. मेला असता तं कागद आयला असता.’ लग्नात गायची, सांगायची, बायकांना ओरडायची. हळद मात्र ती कुणाला लावत नसे. कुणी तिला मनाई केली नव्हती. लाव असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मी चौथीत असताना पेणचा कर्णावाला गावात येऊ लागला. त्याच्याकडे एक फोनो, एक बॅटरी, ताडाला बांधायचा कर्णा आणि अकरा रेकॉर्डी होत्या. त्यांतल्या सहा भजनांच्या, चार इतक्या घासलेल्या की भजन आहे की भांडण हे कळायचं नाही. अकरावी ती. हिंदी गाणं, बाईचा आवाज, मागे वाकडंतिकडं बाजा वाजल्यासारखं काहीतरी. सिनेमातलं होतं की नुसतंच रेकॉर्डवरचं, मला आजही ठाऊक नाही. गाणं लांबलचक होतं, अर्धं या बाजूला आणि उरलेलं त्या बाजूला. पण त्या बाजूवर कर्णावाल्याच्या पोरानं खिळ्यानं बैल काढला होता, त्यामुळे ती कधी वाजलीच नाही. पहिली बाजू संपली की कर्णावाला सुई उचलून पुन्हा पहिल्या बाजूला ठेवायचा. मांडव पडल्यापासून वरात निघेपर्यंत किती वेळा, ते मोजायला कुणाला सवड नव्हती.

कर्ण्यातून शब्द यायचे ते जात्यातून दळून आल्यासारखे. पण ‘नाइट क्लब’ स्पष्ट यायचं, कारण ती बाई ते घोळून घोळून म्हणायची. आणि रातपाळीला गोदीवाले नाइट म्हणत, तेव्हा गावातल्या लहान पोरीलाही कळलं की गाणं रातच्या क्लबाचं आहे. हे एक झालं. दुसरं म्हणजे धृपद. ते आम्हाला सगळ्यांना असं ऐकू यायचं: ‘कोन हाय वाली’.

बायका ऐकायच्या आणि माना डोलवायच्या. बरोबरच होतं. माणूस क्लबात निजलाय, घरी बाईला वाली कोण? मुंबईत कुणीतरी आपल्यावर गाणं केलंय, याचा गावाला अभिमानच वाटला. आत्यानं दोन लग्नांत ती चाल उचलली आणि तिसऱ्या लग्नात त्याचा धवला केला. नवऱ्याकडची उष्टी हळद नवरीच्या मांडवात आली की ती तो सुरू करायची:

कोन हाय वाली गो, कोन हाय वाली,
क्लबान निजला घरवाला, घर माजा खाली.

बायका रडायच्या. नवरी रडायची. कर्णावाला सुद्धा एकदा रडला, पण तो प्यायलेला होता असं म्हणतात. सात गावांत त्या धवल्याला मागणी आली. उष्टी हळद आली आणि ‘वाली’ झाला नाही, तर लोक लग्नात काहीतरी कमी पडलं म्हणायचे.

मी पुढे शिकायला मुंबईला मामाकडे गेले. जाण्याआधी सगळा अभ्यास घरातल्या टेबलावर केला. ते टेबल वडिलांनी गोदीतल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्यांचं ठोकलं होतं, आणि घरात पाय ठेवायला दुसरी जागा नसल्यामुळे माजघराच्या कोपऱ्यात बसवलं होतं. एका फळीवर इंग्रजीत ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं. वडिलांना वाचता येत नसल्यामुळे ती बाजू खाली आली. टेबलाखाली वाकून मी ती अक्षरं लावायची. माझं पहिलं इंग्रजी वाचन ते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी फोनो होता, आणि तीच रेकॉर्ड होती. दोन्ही बाजू धडधाकट, शिवाय सोबत गाण्याची छापील चोपडी. मी ती वाचली आणि मैत्रिणीच्या दिवाणखान्यात फरशीवर बसून हसले.

‘कोन हाय वाली’ असं काही नव्हतंच. ‘कोनेवाली मेज है खाली’ असं होतं. कोपऱ्यातलं टेबल रिकामं आहे. आणि नाइट क्लब म्हणजे चटया नव्हेत. तिथे दिव्यांचा झगमगाट, दारूचे पेले, केसांत पीस खोवलेली बाई गाते आणि साहेबलोक टेबलांवर बसून बघतात. एक जण रोज कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसतो, तिला वचन देतो आणि परदेशी निघून जातो. ती गातच राहते, टेबल रिकामं राहतं. इथं पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूला तो परत येतो. खूप वर्षांनी, सोबत बायको घेऊन. त्याच टेबलाशी बसतो. हिला ओळखत नाही. बाजेवाल्याला सांगतो, ते जुनं गाणं म्हणायला सांगा हो. आणि ती म्हणते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आत्या पडवीत जवळा निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फतकल मारून सगळं सांगितलं. दारू, पेले, पीस, काही गाळलं नाही. मला वाटलं, ती पोट धरून हसेल. ती जवळ्यातला कचरा बाजूला काढत राहिली.

‘मेज म्हंजे तुजी हाय ती?’ तिनं विचारलं.

‘हो. टेबल. कोपऱ्यातलं टेबल.’

‘तुजी पन कोन्यानच हाय.’

‘अगं, ते आपलं टेबल नाही गं आत्ये. दारू प्यायचं टेबल.’

‘ता कलला मना.’ मग म्हणाली, ‘त्यानं तिला वलखला नाय, का वलख दावली नाय?’

‘गाण्यात तसं काही सांगितलेलं नाही.’

‘मंग काय शिकवतान गो तुमाला त्या कॉलेजान?’

ती जवळ्याचं सूप उचलून आत गेली. त्यानंतरच्या लग्नात उष्टी हळद आली आणि आत्यानं दुसराच धवला सुरू केला. बायकांनी विचारलं, ‘वाली नाय?’ तर म्हणाली, ‘त्यो विसरला मना.’ ज्या बाईला तीन दिवसांचं लग्न तोंडपाठ, ती दोन ओळी विसरली. मला समजायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला एक गंमत सापडली की ती दहा ठिकाणी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मी तर पहिल्याच पिढीची शिकलेली, माझ्यापाशी गमतींचा साठा थोडा होता.

बी.ए. झाले त्याच वर्षी मला बघायला आले. आमच्यातलेच लोक, मूळचे उरणकडचे, पण वीस वर्षं परळला राहिलेले. मुलगा सरकारी कचेरीत कारकून. त्यानं एकच प्रश्न विचारला, लग्नानंतर शाळेत शिकवणार का? मी म्हटलं, शिकवणारच. तो म्हणाला, बरं. मला ते ‘बरं’ आवडलं. पुष्कळ लोक त्या जागी भाषण करतात.

मग त्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या होणाऱ्या थोरल्या दिरांनी विचारलं, ‘गाता येतं का?’

‘मला नाही येत,’ मी म्हटलं, ‘पण आमच्या आत्याला येतं. ती लग्नात क्लबातलं गाणं गाते.’ आणि ती सगळी गोष्ट रंगवून सांगितली. मेज, वाली, क्लब. नाइट क्लबाचं वर्णन मात्र वडीलधाऱ्यांसमोर नको म्हणून गाळलं. नुसतं ‘क्लब’ म्हटलं आणि दिरांकडे बघितलं. दीर समजले आणि चहा सांडेपर्यंत हसले. मुलगाही हसला. फक्त होणाऱ्या सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि बशी खाली ठेवली.

पंधरा दिवसांनी दिरांचं पत्र आलं. घरात वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे माझ्या लग्नाचं पत्र मीच मोठ्यानं वाचायला बसले. वडील खांबाला टेकून, आई चुलीपाशी, आत्या तांदूळ पाखडत. मुलगी पसंत आहे. देणंघेणं नको. तिथी अमुक. आणि शेवटी: ‘आमच्या आईची एकच अट आहे. मांडवात ते क्लबचं गाणं होता कामा नये, आणि ते म्हणणाऱ्या बाईंनी मांडवात गाऊ नये.’

शेवटच्या ओळी गाळून वाचता आल्या असत्या. कुणाला कळलं नसतं. पण हे सुचेपर्यंत वाचून झालं होतं.

सुपाचा आवाज थांबला. वडील म्हणाले, ‘लगीन नाय झायला तरी चालंल. आमची पोर काय पान्यान पडली नाय.’

‘गप रं,’ आत्या म्हणाली. ‘ती बी.ए. झायली म्हनून तू येरा झायलास काय? पोरगा चांगला हाय. म्हाताऱ्या बाईचा गाना नको तं नको.’ आणि सूप पुन्हा सुरू झालं, जरा जोरात.

माझ्या लग्नात ती गाणार की नाही, एवढीच ती गोष्ट. पण सात गावांतल्या पोरींना जिनं गाऊन सासरी धाडलं, तिच्या घरातली मुलगी एकच, मी. आणि तिचं गाणं बंद केलं होतं माझ्याच तोंडानं. मी मुलाला पत्र लिहिलं, आईंना समजवा, नाइट क्लबाचं काही मांडवात येणार नाही. त्याचं उत्तर आलं, ‘विचारलं. आई काही बोलत नाही, नुसती भांडी आपटते.’ मी ठरवून टाकलं की बाई सोवळी असणार. परळला राहून सुधारलेली माणसं अशीच असतात, म्हटलं.

हळदीच्या दिवशी उष्टी हळद मुंबईहून निघाली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला, तिथून बैलगाडीनं आमच्याकडे. हळदीबरोबर सासूनं यायची रीत नाही, पण त्या आल्या. गाणं होत नाही ना, हे जातीनं बघायला आल्या. सोबत थोरले दीर. दीर आल्या आल्या म्हणाले, ‘शेवटच्या लाँचला परत जायचंय, लवकर उरका.’

उरकायचं कसं, तेच कुणाला माहीत नव्हतं.

मी पाटावर बसले. पाट चुकीच्या दिशेला मांडलाय असं एकीचं मत पडलं, म्हणून उठवलं. परत बसवलं. आईनं हळदीची वाटी पुढे केली तर मामी म्हणाली, ‘आधी तेल.’ काकू म्हणाली, ‘आधी हलद, मंग तेल, मंग हलद.’ शेजारीण म्हणाली, ‘मामीनं नाय लावाचा, आधी काकूनं.’ माझ्या डाव्या पायाला घोट्यापर्यंत हळद लागली, केसांत तेल पडलं आणि तिथे सगळं थांबलं. पन्नास बायका मांडवात, प्रत्येकीनं शंभर लग्नं बघितलेली, आणि एकीलाही पुढचं येईना. कसं येणार? पुढचं आत्याच्या गाण्यात होतं आणि आत्या पडवीत तांदूळ पाखडत होती. ते तांदूळ सकाळपासून तिसऱ्यांदा पाखडले जात होते.

दीर घड्याळ बघत होते. शेवटी सासूबाईच उठल्या आणि पडवीच्या उंबऱ्याशी गेल्या.

‘अवो विहीनबाय, बसल्याव काय? सांगा की फुडं काय ता.’

‘मी कशी सांगू?’ आत्यानं सूप झटकलं. ‘मना मांडवान बंदी हाय. कागद आयलाय तसा.’

‘बंदी गान्याला हाय. तोंडाला नाय.’

‘माजा तोंड गान्याबिगर चालत नाय, विहीनबाय. गाना थांबला का मी पन विसरते. इचारा कुनाला पन.’

बायकांनी माना हलवल्या. खरंच होतं. आत्याला लग्नातलं मधलंच काही विचारलं, तर ती पहिल्यापासून गुणगुणत तिथपर्यंत यायची आणि मग सांगायची.

‘मंग गा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘दुसरा कंचा पन गा. त्यो क्लबाचा नको.’

‘तुमची हलद आयली का त्योच असतो. त्याच्यावरूनच फुडचा सुचतो मना. त्याचा एवढा काय वाकडा हाय?’

दोन वर्षं त्याच्याविना लग्नं झाली होती, पण ते सासूबाईंना कोण सांगणार? त्यांचा बांधच फुटला. परळची वीस वर्षं कुठल्या कुठे गेली.

‘काय वाकडा? आमचे घरचे नऊ वर्सा क्लबान निजले! दुसऱ्याच्या गरम चटईवर. आता जरा दोन खोल्या झायल्या, पोरगे हापिसान लागले, तं तुमी मांडवान उभं राहून आमाला टोमना मारनार? यांचा बापूस क्लबातला, यांचा बापूस क्लबातला, असा सात गावान गाऊन दाखवनार?’

मी पाटावर तोंड उघडं टाकून बसले. बाई सोवळी नव्हती. बाई आमच्यातलीच होती, आमच्यापेक्षा जास्त. माझ्या त्या विनोदातला क्लब तिनं बरोबर ओळखला होता, आणि तिला वाटलं होतं की मुलगी बघायला गेलेल्या घरी तिच्या नवऱ्याची चटई काढून सगळे हसले. त्यात तिची स्वतःची दोन पोरंही हसली.

‘आई,’ दीर पुढे आले, ‘अगं तो क्लब नव्हे. तो दुसरा क्लब.’

‘दुसरा कंचा?’

दिरांनी पुन्हा घड्याळ बघितलं. तो दुसरा क्लब आतून कसा असतो हे आईला सांगायचं, तर ते आपल्याला कसं ठाऊक हेही सांगावं लागणार. ‘लाँचची वेळ बघून येतो,’ असं पुटपुटत ते मांडवाबाहेर गेले. लाँच दोन कोसांवर होती.

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. ‘तू शिकलेली हायस,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तू सांग. त्या गान्यान क्लब कंचा?’

एका पायाला हळद, कपाळावरून तेलाची धार नाकाच्या शेंड्याला आलेली. आत्या उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. दारू, पेले, पीस हे सगळं मीच तिला सांगितलं होतं, आणि मी काय बोलणार हे ऐकायला तिनं सूप काखेत धरलं होतं. आयुष्यात मी खरं बोलायला कधी घाबरले नव्हते. तेव्हाही खरंच बोलले.

‘नाइट क्लब,’ मी म्हटलं. ‘चोपडीत तसंच छापलंय. नाइट म्हणजे रात. रातचा क्लब.’

भाषांतर शब्दाला शब्द होतं. इंग्रजीच्या परीक्षकानं एक गुण कापला नसता.

‘रातचा?’ सासूबाईंनी विचारलं.

‘रातचा.’

त्यांनी श्वास सोडला, खांद्यावरचा पदर कमरेला खोचला आणि मांडवात मधोमध येऊन बसल्या.

‘मंग गा वो खुशाल. आमचे दिवसाच्या क्लबान होते.’

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काय होतं? रातचे वेगळे, दिवसाचे वेगळे. आत्यानं सूप भिंतीला टेकवलं, हात पदराला पुसले आणि मांडवात आली. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, ‘पास झायलीस गो.’

आणि तिनं उचलला. दोन वर्षांत एकदाही न गायलेला, पण जराही न गंजलेला. कोन हाय वाली गो, कोन हाय वाली. पहिली बाजू आम्हा सगळ्यांना पाठ होती. ती संपली. नेहमी इथे ती तेलावर यायची. त्या दिवशी ती थांबली नाही, श्वास घेतला आणि पुढे गेली. तेव्हा मला कळलं की जवळा निवडून झाल्यावर, तांदूळ तीनतीनदा पाखडताना, ती दुसरी बाजू करत होती.

आयला गो आयला, वलख नाय दावली,
मेज माजी कोन्यान, कवा नाय खाली.
भाची माजी बसली, बुका तिनं वाचली,
कोन हाय वाली गो, कोन हाय वाली.

मी रडले नाही, असं लिहिलं असतं. पण तेल डोळ्यात गेलं होतं, त्यामुळे तसं लिहिता येत नाही.

‘वलख नाय दावली?’ सासूबाई मधेच ओरडल्या. ‘वलखला तरी नाय दावली? मुडदा बशीवला मेल्याचा!’ त्याबरोबर मांडवातल्या बायकांनी त्या कुणा माणसाला, ज्याला त्यांच्यातल्या एकीनंही पाहिलं नव्हतं, अशा शिव्या दिल्या की रेकॉर्डवरच्या बाईनं ऐकल्या असत्या तर तिचं आयुष्य सुधारलं असतं. काही शिव्या त्या माणसासाठी होत्या. काही जरा वेगळ्या दिशेनं गेल्या, माझगावकडे. आत्यानं त्या शांतपणे ऐकून घेतल्या.

‘झायला तुमचा?’ ती म्हणाली. ‘आता तेल. मामी कुठं हाय? मामीनं तेल, मंग काकूनं हलद, पायापासून वर. गप बसा आनि हात चालवा.’

हात चालू लागले. मामी, काकू, शेजारीण, पाच जणी, आपापल्या वळणानं. डावा पाय झाला, हात झाले, तोंड झालं. उजव्या पायाशी येऊन पुन्हा थांबलं.

‘आता कुनी?’ आईनं विचारलं.

आत्या गुणगुणत मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि तिथेच अडली. तिथला धवला थोरलीला हाक मारायचा होता. उजवा पाय उरला तर तो घरातल्या थोरल्या सवाष्णीनं माखायचा. घरातली थोरली तीच. सवाष्ण आहे की नाही, हे मात्र पंचवीस वर्षांत कुणालाच सांगता आलं नव्हतं.

सासूबाईंनी हळदीची वाटी उचलली. त्यांच्या घरची, मुंबईहून लाँचनं आलेली उष्टी हळद. ती त्यांनी आत्याच्या पुढे धरली.

‘लावा वो.’

‘मी लावत नाय,’ आत्या म्हणाली.

‘आज लावा. पोरीचा पाय उरलाय, आमची लाँच जाईल.’

आत्यानं वाटीकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. खाली बसली, वाटीत चारही बोटं बुडवली आणि गुडघ्यापर्यंत पाय माखला. तिला सवय नव्हती. हळद तिनं भिंत सारवावी तशी लावली, जाडजूड. पुढे आठवडाभर माझा उजवा पाय डाव्यापेक्षा पिवळा होता, आणि नव्या घरी कुणी विचारलं की मी सांगायची, आमच्या आत्यानं लावलीय.

लाँच गेलीच. सासूबाईंनी त्या दिवशी मुक्काम केला आणि सकाळी चहाच्या वेळी ती दुसरी बाजू आत्याकडून पाठ करून घेतली.